करियाच्या डोळ्यांवरचे ठिपके

कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली एका वेळी एकच जण मावतो. त्या दिवशी आम्ही दोघे होतो, मी आणि सिद्रामप्पांचा कुत्रा. तो आत कधी शिरला ते मला कळलं नाही, कारण माझं डोकं कापडात होतं आणि मी फोकसच्या काचेवर त्यालाच शोधत होतो. त्या काचेवर चित्र उलटं पडतं, डोकं खाली आणि पाय वर. मला उलटी खुर्ची दिसत होती, उलटे सिद्रामप्पा दिसत होते, कुत्रा मात्र दिसत नव्हता. मग माझ्या मांडीला ओलं नाक लागलं.

“फोटोमास्तर,” बाहेरून सिद्रामप्पा म्हणाले, “तुमी ज्याला हुडकायलाय, त्यो तुमच्यापाशीच हाय की.”

सिद्रामप्पा सरकी-पेंडीचे व्यापारी. घरात कन्नड, दुकानात मराठी आणि राग आला की दोन्ही. त्या दिवशी ते रागावले नव्हते, आणि मला काळजी त्याचीच वाटत होती. माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा. त्यांचा मुलगा मल्लिनाथ मॅट्रिक झाला तेव्हा त्याचा फोटो मीच काढला होता. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर एक ठसठशीत तीळ होता. तो मी पेन्सिलीनं काढून टाकला आणि त्याबद्दल स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती.

पुढे मल्लिनाथ मिलच्या ऑफिसात क्लार्क लागला. वर्ष-दीड वर्षात खोकला जडला, खोकल्यात रक्त दिसलं, आणि डॉक्टरांनी त्याला मिरजेकडच्या एका सॅनिटोरियममध्ये ठेवायला सांगितलं. तिथं त्याला उतार पडत होता. पण तो तिथं असतानाच इकडे त्याची आई गेली. आजाऱ्याला वाईट बातमी कळवायची नाही ही आपल्याकडची रीत. सिद्रामप्पा भेटायला जात आणि सांगत, अव्वा बरी आहे, आशीर्वाद सांगितलाय. एके दिवशी सोलापूरचा कुणी गृहस्थ शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला भेटायला गेला आणि जाता जाता मल्लिनाथचंही सांत्वन करून आला. त्या दिवसापासून मुलाचा बापाच्या कुठल्याच शब्दावर विश्वास राहिला नाही.

“आता त्यानं करियाचं इचारलं,” सिद्रामप्पा मला म्हणाले होते. “मी म्हनलं, झकास हाय. तर म्हणतो, अव्वाबी झकासच होती. करिया जित्ता असंल तर फोटो आणा. न्हायतर मी घरी येऊन बघतो.”

“आणि आला तर?”

“डॉक्टर म्हणतो, पावसाळा संपेपातुर खाट सोडली तर आजवरचं सगळं पाण्यात. पुन्हा आणू नका म्हणतो.”

करिया म्हणजे कन्नडात काळू. मल्लिनाथनं त्याला पिल्लू असताना उचलून आणलं होतं. अंगानं काळाकुळकुळीत, पण दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक तांबूस ठिपका. त्यामुळे तो झोपलेला असला तरी वरचे दोन डोळे उघडेच वाटायचे. असा एक फोटो मिरजेला न्यायचा, मुलाला दाखवायचा, काम संपलं. मी हो म्हणालो. आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, असं वडिलांनी मला शिकवलं होतं. त्यांचं दुकान बांगड्यांचं होतं, तिथं ते चालायचं.

तोवर मी एकाही कुत्र्याचा फोटो काढला नव्हता. माझी समजूत अशी, की माणसाला बसवतात तसंच कुत्र्याला बसवायचं. माझ्या स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा होता. त्यावर तळं, तळ्यात हंस, पलीकडे महाल. पुढे पुठ्ठ्याचा एक संगमरवरी खांब. करियानं हंसाकडे पाहिलंही नाही. तो खांबापाशी गेला, खांब हुंगला आणि कुत्रे खांबापाशी जे करतात ते केलं. त्या खांबाला टेकून सोलापुरातल्या कितीतरी नवरदेवांनी फोटो काढून घेतले होते, पण तो खरा खांब आहे असं मानणारा करिया पहिलाच.

आमच्या त्या कॅमेऱ्यात खटक्याचं काम नव्हतं. लेन्सच्या तोंडावरची टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे, टोपी पुन्हा घालायची. तेवढा वेळ समोरच्यानं दगड व्हायचं. माणसाला हे सांगता येतं. मी करियाला सांगितलं, “बस.” तो उभा राहिला. “बस, बस, खाली बस.” त्यानं शेपूट हलवलं.

“त्याला मराठी येत न्हाय,” सिद्रामप्पा शांतपणे म्हणाले. मग त्यांनी हुकूम दिला, “करिया, कुंद्रु.” कुत्रा ताबडतोब बसला. मी टोपी काढली आणि तो ताबडतोब उठला. कन्नड येत असूनही न ऐकणारे मला पुढे पुष्कळ भेटले, त्यातलाही करिया पहिलाच.

माणसाचं डोकं हलू नये म्हणून जुने फोटोग्राफर मागून एक लोखंडी चिमटा लावत. तसा एक माझ्या अडगळीत होता. तो काढून मी करियाच्या मानेला लावायला गेलो. त्याची खूण माझ्या अंगठ्यावर अजून आहे. सिद्रामप्पांनी जखमेला हळद लावली आणि म्हणाले, “तुमीबी त्याला इचारलं न्हाय की.”

प्लेटा धुतल्या तेव्हा एकीवर कुत्र्याला तीन डोकी आली होती, दुसरीवर डोकंच नव्हतं. तिसरीवर नुसती खुर्ची स्वच्छ आली होती. खुर्चीनं त्या दिवशी फार चांगलं सहकार्य केलं.

शेवटी करिया दमला आणि तिथंच गालिच्यावर झोपला. मी संधी साधली, टोपी काढली आणि सावकाश मोजून घातली. फोटो असा रेखीव आला की मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. तो मी मोठ्या तोऱ्यात सिद्रामप्पांपुढे ठेवला.

त्यांनी पाहिला आणि उलटा करून ठेवला. “ह्यो न्हाय चालत.”

“का? एवढा स्पष्ट आलाय.”

“झोपलाय त्यो. पोरगं म्हणंल, मेल्यावर काढलाय.”

ते माझ्याच धंद्याचं पाप होतं. घरात कुणी गेलं की आठवणीसाठी फोटो काढायला आम्हाला बोलावत. आम्ही मेलेल्या माणसाला झोपल्यासारखं दाखवायचो. त्यामुळे झोपलेल्याचा फोटो लोकांना मेल्यासारखा दिसे.

दुसऱ्या खेपेला सिद्रामप्पांबरोबर त्यांची विधवा बहीण नागव्वा आली. मल्लिनाथची आई गेल्यावर घर तीच सांभाळत होती. पदराखाली तिनं शेंगाची पोळी आणली होती. ती पोळी नागव्वानं माझ्या कॅमेऱ्यावर उंच धरली आणि करिया असा ताठ बसला, जणू दरबारात मानकरी. मी टोपी काढून घातली. प्लेट धुतली. डोकं एक, शेपूट एक, पाय चार. मी खूश झालो आणि मग चेहरा नीट पाहिला.

ठिपके नव्हते.

आता थोडं धंद्याचं सांगावं लागेल. माणसाच्या डोळ्याला दिसतं ते सगळं प्लेटला दिसत नाही. तेव्हाच्या साध्या प्लेटला निळा रंग पांढरा दिसे आणि पिवळा-तांबडा चक्क काळा. नवरीचं कुंकू फोटोत काळं ठिक्कर येई ते याच कारणानं. करिया काळा, ठिपके तांबूस, म्हणजे काळ्यात काळं. कुत्र्याच्या जागी कोळशाचं पोतं बसवलं असतं तरी तसंच दिसलं असतं.

मला हे ठाऊक होतं. ते वेळेवर आठवलं नाही, एवढंच. आणि आठवल्यावर मी जे केलं ते सोलापुरातला कुठलाही फोटोग्राफर करता. पेन्सिल उचलली.

निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली की तेवढा भाग छापताना उजळ येतो. त्याला रिटचिंग म्हणतात, आणि त्यावर माझं घर चालत होतं. स्थळाला पाठवायच्या फोटोत देवीचे व्रण भरून काढावेत तर मीच. सावळ्या मुली मी दिवसाकाठी गोऱ्या करत असे. मग दोन ठिपक्यांची काय कथा? डाव्या डोळ्यावर एक काढला, उजव्यावर एक काढला. दोन्ही एकसारखे, वाटोळे, सुबक. पण हाताला एकदा चटक लागली की तो थांबत नाही. करियाचा उजवा कान कधीतरी भांडणात फाटला होता. तोही मी शिवून टाकला. डोळ्यांत चमक घातली. कुत्रा असा झाला की त्याला संस्थानातून सांगून यावं.

सिद्रामप्पांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. “लई देखणा आलाय,” ते म्हणाले. “आमच्या घरी असताना इतका देखणा दिसत न्हाय.” हे मी कौतुक समजलो. दुसऱ्या दिवशी ते फोटो घेऊन मिरजेला गेले.

परत आले ते स्टेशनवरून थेट माझ्याकडे. बाकड्यावर बसले. पाणी दिलं ते तसंच ठेवलं.

“काय म्हणाला मल्लिनाथ?”

“बगितला. खाटेवर ठेवला. म्हनला, अप्पा, अव्वाच्या वेळंला तुमी नुसतं बोलत होता. आता दुसरं कुत्रं आणून बसवलं.” त्यांनी मान वर केली. “ठिपकं कुणी काढलं, मास्तर?”

मी सगळं सांगितलं. प्लेटचं, पेन्सिलीचं आणि कानाचंही. मला वाटलं, आता दोन्ही भाषा निघणार. पण ते हळूच म्हणाले, “एक ठिपका वाटोळा हाय त्याचा. दुसरा तिरपा, करडईच्या बीसारखा. पोरगं त्याच्यावर बोट फिरवत झोपायचं. अव्वाचं खोटं मी माझ्या तोंडानं बोललो. ह्ये खोटं तुमी माझ्या हातात दिलं.”

“तो निघून येणार म्हणतोय?”

“येत्या मंगळवारी मी पुन्हा जातो म्हनलं. तवर थांब म्हनलं. थांबतो म्हनला, पण कपडे बांधून ठेवलेत.”

त्या दिवशी मी पेन्सिल पेटीत ठेवली आणि ठरवलं, मंगळवारच्या आत करियाचा फोटो काढायचा, आहे तसा. तिरप्या ठिपक्यासकट, फाटक्या कानासकट. मग त्यासाठी स्टुडिओ विकावा लागला तरी चालेल. अर्थात स्टुडिओ विकत घ्यायला कुणी आलं नसतं, म्हणून असं ठरवणं सोपं होतं.

उपाय माझ्या कपाटातच होता. एका मिलच्या चादरींच्या नमुन्यांचे फोटो काढताना मी वेगळ्या जातीच्या प्लेटा मागवल्या होत्या. त्यांना पिवळा रंग बऱ्यापैकी दिसे. लेन्सवर पिवळी काच लावली की आणखी दिसे. चादरीतला पिवळा पट्टा दिसतो तर ठिपका का दिसू नये? त्यातल्या थोड्या प्लेटा उरल्या होत्या. अडचण एकच. पिवळी काच लावली की उजेड कमी होतो, म्हणून टोपी जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. चादर हलत नाही. करियाला मात्र पूर्वीच्या तिप्पट वेळ दगड व्हायला हवं होतं, आणि शेंगाची पोळी तेवढा वेळ पुरत नव्हती. त्याच्या तोंडाला पाणी सुटे आणि जबडा हलू लागे.

मी पडदा, खांब, हंस सगळं सोडून कॅमेरा घेऊन सिद्रामप्पांच्या घरी गेलो. घराचा ओटा पश्चिमेकडे तोंड करून होता, संध्याकाळी त्यावर छान ऊन येई. स्टँडचे पाय आखडून कॅमेरा इतका खाली आणला की मला गल्लीत पालथं झोपावं लागलं. काळं कापड डोक्यावर घेतलं. जाणारे-येणारे थांबू लागले.

“कोण गेलं?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“कुणी न्हाय गेलं,” ओट्यावरून नागव्वा म्हणाली. “फोटोवाले हायेत. आमच्या कुत्र्याच्या पाया पडायलेत.”

दुपारभर मी पडून राहिलो. करिया येई, लेन्समध्ये स्वतःला बघे, माझा कान चाटे आणि जाई. प्लेटा जपून वापरायच्या होत्या म्हणून टोपीला हात लावत नव्हतो. ऊन कलू लागलं. मी कंटाळून कापडातून डोकं काढलं आणि तेवढ्यात मिलचा संध्याकाळचा भोंगा झाला.

गल्लीतली सगळी कुत्री रडू लागली. करिया रडला नाही. तो घरातून आला, ओट्याच्या कडेला बसला, दोन्ही कान पुढे केले आणि मिलच्या चिमणीच्या दिशेनं बघत राहिला. शेपूट हललं नाही. भोंगा थांबला तरी तो तसाच. ऊन थेट तोंडावर, ठिपके तांब्यासारखे लखलखत होते. मी तोंड उघडं टाकून बघत बसलो. टोपी माझ्या हातातच होती.

“रोज असंच बसतो,” नागव्वा म्हणाली. “मल्लू मिलमधनं याच वक्ताला यायचा. त्यो गेल्यापासनं येक दिवस चुकवला न्हाय.”

“मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“तुमी फोटो काढायला आला होता. बसतो कवा, ह्ये कुटं इचारलं?”

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी वेळेच्या बराच आधी जाऊन पालथा पडलो. फोकस ओट्याच्या कडेवर लावून ठेवला. प्लेटची लाकडी पेटी, तिला आम्ही स्लाइड म्हणतो, ती कॅमेऱ्यात बसवली. भोंगा झाला. करिया आला, बसला, दगड झाला. मी टोपी काढली. सावकाश, न घाबरता आकडे मोजले. टोपी घातली. आयुष्यात इतकं सुरेख एक्स्पोजर मी दिलं नव्हतं. उठलो, कपडे झटकले, सिद्रामप्पांना म्हणालो, “झालं काम.”

मग स्लाइड काढायला गेलो आणि पाहिलं. तिचं झाकण मी ओढलंच नव्हतं. उजेड लेन्समधून आत आला होता, झाकणावर आपटून परत गेला होता. प्लेट आत अंधारात आरामात होती.

सिद्रामप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. “आता काय ऱ्हायलं?”

“झाकण ओढायचं राहिलं.”

घरात जाऊन त्यांनी माझ्यासाठी चहा पाठवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रविवारी मिल बंद. भोंगा नाही. मंगळवारी गाडी. हाताशी उरला सोमवार, आणि सोमवारी आभाळ आलं तर काय, या विचारानं मला राहवेना. वरातीत बँड वाजवणारे एक उस्ताद माझ्या ओळखीचे होते. त्यांना मी त्यांच्या सगळ्यांत मोठ्या बाजासकट घेऊन आलो. म्हटलं, उस्ताद, मिलच्या भोंग्यासारखं वाजवा. ते म्हणाले, “भोंगा तो बेसुरा होता है, मास्टर. मेरेसे नहीं होगा.” तरी त्यांनी गाल फुगवून सूर लावला. गल्लीतली कुत्री रडली, दोन बायका अक्षता आहेत का बघायला बाहेर आल्या. करियानं उस्तादांकडे एकदा पाहिलं आणि पाठ करून झोपला. उस्ताद खूश झाले. आपला सूर भोंग्यासारखा नाही, याची त्यांना पावती मिळाली होती.

सोमवारी आभाळ नव्हतं. मी दुपारीच जाऊन बसलो. स्लाइड बसवली, झाकण ओढलं आणि ते नागव्वाच्या हातात दिलं. “हे तुमच्या हातात आहे ना?”

“हाय.”

“नक्की?”

“मास्तर, माज्या हातात हाय, तुमी दिलंय, म्या धरलंय.”

भोंगा झाला. करिया आला. कडेला बसला, कान पुढे केले. फाटका कान थोडा मागे राहिला, तो नेहमीच राही. मी टोपी काढली. सिद्रामप्पा भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते, जणू ते हलले तर करियाही हलेल. मी मोजत होतो. मोजताना एक माशी करियाच्या नाकावर बसली. मी एक आकडा दोनदा मोजला. करियानं नाकपुडीसुद्धा हलवली नाही. मी आकडे पुरे केले आणि टोपी घातली.

धुताना प्लेट फुटली नाही. तेवढं एक माझ्याकडून बरोबर झालं. सकाळच्या उन्हात कागदावर छापली. एक ठिपका वाटोळा, एक तिरपा. कान फाटका. नाकावर माशी. मी पेन्सिलीची पेटी उघडलीसुद्धा नाही. माशी काढून टाकावी असं एकदा मनात आलं, हे मात्र खरं.

सिद्रामप्पा म्हणाले, “तुमीबी चला. माझ्या हातनं त्यो आता पाणीबी पिणार न्हाय.”

कुर्डुवाडीला गाडी बदलली, छोट्या गाडीनं धक्के खात मिरजेला पोहोचलो. सॅनिटोरियमच्या लांब व्हरांड्यात खाटा मांडलेल्या होत्या. मल्लिनाथ बसून होता. पूर्वीपेक्षा अंग धरलं होतं. खाटेखाली कपड्यांचं गाठोडं खरंच बांधून ठेवलेलं होतं. त्यानं मला पाहिलं आणि हात जोडले.

“मागचा फोटो तुमचाच ना?”

“माझाच.”

“तरीच. माझ्या नाकावरचा तीळबी तुमीच खाल्ला होता.”

सिद्रामप्पा खाली बघत होते. मी फोटो पुढे केला. मल्लिनाथनं तो उजेडाकडे धरला. मी ठिपक्यांविषयी बोलायला सुरुवात केली, पिवळी काच, वेगळी प्लेट. त्यानं हात वर केला.

“थांबा, सांगू नका. ओट्यावर हाय. भोंगा व्हायलाय.” मग फोटो आणखी जवळ नेला. “संध्याकाळचा. सकाळच्या भोंग्याला तो उठतबी न्हाय.”

मी आणि सिद्रामप्पा एकमेकांकडे बघत राहिलो. ठिपक्यांसाठी मी एवढा जीव टाकला होता, आणि त्यानं ठिपक्यांकडे अजून पाहिलंही नव्हतं. कुत्रा आणून बसवता येतो, ठिपके रंगवता येतात. त्या भोंग्याला कान देऊन बसलेला करिया मात्र कुणाला आणता आला नसता. मग त्याचं बोट हळूच त्या तिरप्या ठिपक्यावर गेलं आणि तिथंच राहिलं.

“रोज बसतो?” त्यानं विचारलं. बापाला विचारलं, मला नाही.

“रोज,” सिद्रामप्पा म्हणाले. मग घाईनं म्हणाले, “पण खातो पोटभर. झुरत न्हाय. आत्याला इचार.” त्यांना भीती वाटली असणार, की कुत्रा वाट बघतो म्हटल्यावर मुलगा जास्तच निघायची घाई करील. मलाही तीच वाटली.

मल्लिनाथनं वाकून खाटेखालचं गाठोडं ओढलं आणि बापाच्या पायापाशी सरकवलं.

“ह्ये घरी न्या, अप्पा. त्यो बसून ऱ्हातोय, तर मीबी ऱ्हातो.”

परतीच्या गाडीत सिद्रामप्पा गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते. कुर्डुवाडीला म्हणाले, “माशी ऱ्हाऊ दिली ते बरं केलं.”

दिवाळीच्या सुमारास मल्लिनाथ बरा होऊन घरी आला. बरा म्हणजे खरोखर बरा, डॉक्टरांनी स्वतःहून सोडला. सिद्रामप्पांनी मला फराळाला बोलावलं. करिया त्याच्या अंगावर उड्या मारून दमला होता आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून ओट्यावर पडला होता. आम्ही बोलत बसलो होतो. तेवढ्यात संध्याकाळचा भोंगा झाला.

करिया मल्लिनाथच्या मांडीवरून उठला. ओट्याच्या कडेला जाऊन बसला, कान पुढे केले आणि मिलच्या दिशेनं बघू लागला. मल्लिनाथ त्याच्या पाठीमागेच बसलेला होता. त्यानं दोनदा हाक मारली. करियानं वळूनही पाहिलं नाही.

बऱ्याच वेळानं, तेवढा मी आधी कधी थांबलो नव्हतो, मिलमधून सुटलेले लोक गल्लीतून येऊ लागले. त्यातल्या एकानं चालता चालता डबा उघडला, उरलेली अर्धी भाकरी ओट्यावर टाकली आणि म्हणाला, “घे रं करिया.” मग दुसऱ्यानं तुकडा टाकला. करियानं शिस्तीत सगळं गोळा केलं आणि परत येऊन मल्लिनाथच्या मांडीवर डोकं ठेवलं.

मल्लिनाथनं माझ्याकडे पाहिलं. “मास्तर, ह्ये तिकडं कळलं असतं तर मी गाठोडं घेऊन पळालो असतो.”

“फोटोत नव्हतं ते,” मी म्हणालो.

“नव्हतं ते बरं होतं,” आतून सिद्रामप्पा म्हणाले.

फोटो खोटं बोलत नाही असं लोक म्हणतात. माझ्या हातात पेन्सिल असताना तो पुष्कळ बोलला आहे, आणि पेन्सिल बाजूला ठेवली तरी तो सगळं सांगतोच असं नाही. त्या प्रकरणानंतर मी दोन नियम केले. विचारल्याशिवाय कुणाच्या तोंडावरचं काही पुसायचं नाही आणि टोपी काढण्याआधी स्लाइडचं झाकण ओढायचं. पहिला नियम मी धंदा सोडेपर्यंत पाळला. दुसऱ्याचं तेवढं विचारू नका.